सव्वाआठशे डॉलरचा चेक : क्लारा बोची केस

मूकपटातल्या हिरॉइनींचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं, बोलपट आले, बाईचा आवाज लोकांना आवडला नाही, खेळ खल्लास. हॉलिवूडच्या क्लारा बोबद्दल तर हे हमखास सांगितलं जातं आणि ते बऱ्यापैकी खोटं आहे. तिचे बोलपट चालले होते. तिचं करिअर मोडलं ते जानेवारी १९३१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टात, आणि त्या केसमध्ये ती आरोपी नव्हती, तक्रार तिच्या बाजूची होती, तिच्याच सेक्रेटरीविरुद्ध, चोरीची. वर ती केस कागदोपत्री जिंकलीसुद्धा. जिंकलेल्या केसने एखादं माणूस इतकं कसं काय खचतं हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून हा सगळा घोळ क्रमाने मांडतोय.

नावांबद्दल एवढंच की क्लारा, तिचा होणारा नवरा आणि स्टुडिओतली वा सरकारी माणसं सार्वजनिक आहेत म्हणून त्यांची नावं ठेवली. सेक्रेटरी, डॉक्टर, डॉक्टरची बायको यांची नावं मुद्दाम गाळलीत. ती शोधली तर सापडतील, पण या प्रकरणात नावापेक्षा कोण कुठे चुकलं ते महत्त्वाचं आहे.

पार्श्वभूमी

क्लाराचा जन्म २९ जुलै १९०५ चा, ब्रुकलिनमधला. तिच्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेलेली. घरात दारिद्र्य, बाप कामधंद्याला धड नाही, आई फिट्स आणि मानसिक आजाराने खंगलेली. १९२१ मध्ये एका सिनेमासिकाच्या स्पर्धेला या पोरीने साधेसे फोटो पाठवले आणि ती चक्क जिंकली. आईला सिनेमातल्या बायका म्हणजे वाया गेलेल्या असंच वाटायचं. एका रात्री क्लाराला जाग आली तर आई गळ्याला सुरी लावून उभी. यातून ती वाचली पण झोप जी उडाली ती जन्मभराची, निद्रानाशाने शेवटपर्यंत तिचा पिच्छा सोडला नाही. आई जानेवारी १९२३ मध्ये गेली, आणि त्याच वर्षी निर्माता बी. पी. शुलबर्गने क्लाराला आठवड्याला ५० डॉलरवर हॉलिवूडला बोलावून घेतलं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. १९२५ मध्ये शुलबर्ग पॅरामाउंट स्टुडिओत गेला तो क्लाराला घेऊनच. १९२७ मध्ये 'इट' आला, त्या सिनेमाची आयडिया आणि नाव यासाठी लेखिका एलिनॉर ग्लिनला म्हणे ५०,००० डॉलर दिले होते, आणि क्लारा एकदम 'इट गर्ल' झाली ('इट' म्हणजे समोरच्याला खेचून घेणारी जादू). त्याच वर्षी 'विंग्ज' आला, ज्याला पुढे पहिल्या ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. थिएटरवाल्यांच्या हिशेबात १९२८ आणि १९२९ अशी लागोपाठ दोन वर्षं ती एक नंबरला होती. एकट्या जानेवारी १९२९ मध्ये तिला ४५,००० पत्रं आली असं सांगतात.

पडद्यावर जी दिसायची तशीच ती बाहेरही होती, म्हणजे मोकळी, बडबडी, तोंडाला येईल ते बोलणारी, शिव्याही देणारी, ब्रुकलिनची बोली न सुधारलेली. हॉलिवूडमधले बाकीचे स्टार तेव्हा बंगल्यात पार्ट्या देऊन आपण कसे खानदानी आहोत ते दाखवायच्या मागे होते (बहुतेक सगळेच गरिबीतून आलेले, पण ते विसरायची घाई). त्यांना ही पोरगी नको होती, कारण हिला बघितलं की स्वतःचं मागचं आठवायचं. त्यामुळे प्रचंड प्रसिद्धी आणि जवळचं म्हणावं असं कोणी नाही अशी तिची अवस्था. ज्यांच्यापाशी मन मोकळं करायची ती स्टुडिओत काम करणारी साधी माणसं, आणि त्यातलीच एक हेअरड्रेसर पुढे तिची मैत्रीण झाली, मग सेक्रेटरी झाली.

आता आवाजाचं. पहिला बोलपट 'द वाइल्ड पार्टी', १९२९. मूकपटात कॅमेरा चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना द्यायचा, सेटवर व्हायोलिन वाजायचं, क्लारा फ्रेमभर धावायची, रडू हवं तर दोन मिनिटांत रडायची. बोलपटात एका जागी लपवलेल्या माइककडे तोंड करून उभं राहायचं. ती भेदरली, वाक्य बोलता बोलता नजर माइककडे जायची. दिग्दर्शिका डोरोथी आर्झ्नरने माइक लांब काठीला टांगून तिच्या डोक्यावरून फिरवायची सोय केली असं सांगतात. भीती खरी होती पण सिनेमा चालला. पब्लिकने तिला आवाजासकट घेतलं होतं.

अडचण कुठून सुरू झाली

१९३० या एका वर्षात तिच्यावर तीन संकटं आली आणि तिन्ही वेळा तिने, किंवा तिच्या वतीने कोणीतरी, वेगवेगळा मार्ग घेतला. ही तुलना मला कुठे फारशी दिसली नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो.

पहिलं संकट टेक्सासचं. आजारपणात ओळख झालेल्या एका डॉक्टरशी तिचं प्रकरण होतं, तो विवाहित. बायकोने नवऱ्याचं प्रेम पळवल्याबद्दल दावा लावायची तयारी केली, तेव्हा अमेरिकेत असा दावा लावता यायचा. इथे पैसे देऊन मिटवलं, ३०,००० डॉलर. पेपरात थोडं आलं, पण कोर्टात कोणाची उलटतपासणी झाली नाही, एकही प्रेमपत्र वाचलं गेलं नाही.

दुसरं संकट सप्टेंबरमधलं, कॅलिफोर्निया-नेव्हाडाच्या सीमेवर टाहो तलावाकाठी असलेल्या कॅल-नेव्हा रिसॉर्टमधलं. तिथे ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा जुगार खेळताना क्लारा १३,९०० डॉलर हरली. तिचं म्हणणं असं की चिप ५० सेंटची आहे समजून खेळत होते, ती निघाली १०० डॉलरची. चेक दिले आणि घरी येऊन बँकेला सांगून थांबवले. नेव्हाडात जुगार उघडपणे कायदेशीर झाला तो मार्च १९३१ मध्ये, त्यामुळे कायद्याने वसुलीला जायची सोय त्या लोकांना नव्हतीच. म्हणजे इथला मार्ग होता सरळ हात वर करायचा. पैसे वाचले, अब्रू मात्र गेली, कारण चेक बुडवणारी हिरॉइन ही बातमी देशभर छापून आली.

शुलबर्ग तिला आता 'रोज एक संकट' अशा अर्थाच्या टोपणनावाने ओळखायला लागला होता. ज्याने तिच्या जिवावर कमाई केली त्याने असं म्हणावं, पण असो.

आणि तिसरं संकट घरातलं. सेक्रेटरीने क्लाराच्या घराला शिस्त लावली होती हे आधी कबूल करायला हवं. क्लाराला पैशाचं काही कळत नव्हतं. बिलं पडून असायची, नोकर लुटायचे, बाप मुलीच्या पैशावर धंदे काढायचा आणि बुडवायचा. सेक्रेटरीने हिशेब हातात घेतले, खर्च आवळला, शिल्लक पडायला लागली. तिच्या सहीने चेक निघायचे. घरखर्च, दागिने, कपडे, औषधं, दारू, भेटवस्तू, पोकरमधली देणी, सगळं एकाच खात्यातून आणि सगळ्यावर सही एकाच बाईची. दारूबंदी चालू होती तेव्हा, १९२० ते १९३३, म्हणजे व्हिस्कीचा प्रत्येक चेक हा तसा गुन्ह्याचाच कागद.

या घरात रेक्स बेल आला. काउबॉय सिनेमांतला नट, क्लारावर मनापासून प्रेम करणारा, हे पुढे सिद्ध झालं. त्याचं आणि सेक्रेटरीचं पहिल्यापासून पटेना. दोघांनाही वाटायचं की क्लाराला सांभाळणारं माणूस मीच. त्याने हिशेबाचे कागद बघायला घेतले, चेक पाहून संशय आला, भांडण झालं, आणि नोव्हेंबर १९३० मध्ये सेक्रेटरीला घराबाहेर काढलं. ती गेली पण क्लाराचे खाजगी कागद, पत्रं आणि तारा तिच्या ताब्यात होत्या.

मग फिर्यादी पक्षाच्या म्हणण्यानुसार ती क्लाराच्या वकिलाकडे गेली आणि गप्प राहायचे १,२५,००० डॉलर मागितले. तिने पुढे हे नाकारलं. पण आकडा बघा, सव्वा लाख. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो ते इथे अक्षरशः किंमत लावून समोर आलं होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय पैसे द्यायचा. सव्वा लाख नाही, पण घासाघीस करून कमी करता आले असते. टेक्सासच्या वेळी हेच केलं होतं आणि ते बऱ्यापैकी पचलं होतं. विरोधातला मुद्दा नेहमीचा, एकदा दिले की पुन्हा मागणार. तरी एक फरक होता. डॉक्टरची बायको परकी होती, रागावलेली होती, तिला न्याय हवा होता. सेक्रेटरी दुखावलेली होती. नोकरी, मैत्री, घर एका दिवसात गेलं होतं आणि ते काढून घेणारी क्लारा नव्हती, क्लाराचा मित्र होता. अशा माणसाशी बोलायला त्याच्याशी भांडलेलं माणूस सोडून कोणीतरी जायला हवं होतं.

दुसरा पर्याय काहीच न करायचा. छाप म्हणावं काय छापायचं ते. १९३० मध्ये क्लाराबद्दल जे छापून येत होतं त्यात आणखी काय भर पडणार होती? पण हा पर्याय गांभीर्याने विचारात घेतला होता असं दिसत नाही.

तिसरा दिवाणी मार्ग. हिशेबनीस बसवा, कुठला चेक कशाचा ते लावा, जे पैसे खरंच तिने स्वतःसाठी वापरले ते परत मागा, कागद परत मागा. संथ, कंटाळवाणं, आणि म्हणूनच पेपरवाल्यांच्या कामाचं नाही. शिवाय हवं तेव्हा मागे घेता येतं.

चौथा पोलीस. म्हणजे जिल्ह्याचे सरकारी वकील बुरॉन फिट्स. आणि इथेच पहिला खरा निर्णयबिंदू आहे, कारण फौजदारी केस ही एकदा दिली की तुमची राहत नाही, ती सरकारची होते. क्लाराला नंतर वाटलं असतं की पुरे झालं, तरी ती थांबवू शकली नसती. तिची जागा साक्षीदाराची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते दोन भांडणाऱ्यांसाठी, इथे तर पायरी चढायची क्लाराने आणि आत गेल्यावर खटला चालवायचा दुसऱ्याने, ज्याला पुढच्या निवडणुकीसाठी हेडलाइन चालत होती (तिथे हे पद निवडून येण्याचं).

निवडला तो चौथा. क्लाराने स्वतः किती ठरवलं आणि बेल व वकिलांनी किती, हे वेगळं करणं अवघड आहे, पण सगळा प्रसंग वाचताना मला सतत असं वाटत राहतं की तिच्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या निर्णयांसारखा हाही तिच्या आजूबाजूच्या पुरुषांनी घेतला आणि साक्ष द्यायला तिला पुढे केलं.

काय केलं

सेक्रेटरीला ताब्यात घेऊन तासन्‌तास चौकशी झाली, जबाब घेतला गेला. आरोप ठेवला तो चोरीचा, तीसपेक्षा जास्त कलमं, रक्कम साधारण १६,००० डॉलरच्या घरात.

दुसरा निर्णयबिंदू हा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. आरोप चोरीचा ठेवला, खंडणीचा नाही. वरवर हे शहाणपणाचं दिसतं, कारण चेक हा कागदी पुरावा, सही आहे, तारीख आहे, तर खंडणी म्हणजे बंद खोलीत कोण काय बोललं त्यावर शब्दाविरुद्ध शब्द. पण चोरीच्या केसमध्ये काय सिद्ध करावं लागतं ते बघा. सहीचा अधिकार क्लारानेच दिलेला. मग प्रश्न उरतो की हा अमुक खर्च क्लाराच्या सांगण्यावरून झाला की नाही. बचाव पक्षाला फक्त एवढंच म्हणायचं होतं की बाईसाहेबांनीच आणायला सांगितलं. आणि ते म्हणण्यासाठी प्रत्येक चेक कशाचा होता ते कोर्टात सांगावं लागणार. व्हिस्कीचा होता, अमक्या नटाला दिलेल्या भेटीचा होता, पोकरचा होता, केसांच्या रंगाचा होता. म्हणजे आरोपीचा बचाव हाच फिर्यादीच्या आयुष्याचा जमाखर्च. बचावाच्या वकिलाने बदनामी करायची म्हणून वेगळं काही करायची गरजच नव्हती, सरकारी पक्षाने आणलेले चेक एकेक करून वाचले की झालं.

हे आधी कोणाच्या डोक्यात आलं नसेल? आलं असणार. पण चोरीची कलमं इतकी भरभक्कम दिसत होती की सेक्रेटरी खटल्याआधीच गुन्हा कबूल करेल असा हिशेब असावा असं मला वाटतं. तिने केला नाही.

जानेवारी १९३१ मध्ये खटला उभा राहिला. हा काळही लक्षात घ्या, १९२९ ची मंदी येऊन सव्वा वर्ष झालेलं, बँका बुडतायत, लोक फुकटच्या सूपसाठी रांगेत उभे, आणि सकाळी पेपर उघडला की क्लाराने कुठल्या मित्राला काय घेऊन दिलं त्याची यादी. ज्या कारकून आणि सेल्सगर्ल पोरींनी तिला डोक्यावर घेतलं होतं, ज्यांना ती आपल्यातली वाटायची, त्यांच्यासमोर ती महिन्याला किती उडवते ते रोज छापून येत होतं. माझ्या मते पुरुषांच्या भानगडींपेक्षा हे जास्त लागलं असावं. भानगडी तर त्यांना तिच्या सिनेमांतही चालायच्या.

क्लारा साक्षीला उभी राहिली. भडकली, रडली. कोर्टात गर्दी तिला बघायला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यातली बाई शांत, टापटीप, स्वतःच्या पायावर उभी राहिलेली कष्टकरी मुलगी दिसत होती. बारा ज्युरींना कोणाची दया आली असेल हे सांगायला नको.

त्यात पॅरामाउंटने त्याच महिन्यात तिचा 'नो लिमिट' रिलीज केला. त्यात ती थिएटरात काम करणारी पोरगी, जी नकळत जुगारअड्ड्याची मालकीण होऊन बसते. कॅल-नेव्हा होऊन जेमतेम चार महिने झालेले. योगायोग असेल तर वाईट, मुद्दाम असेल तर त्याहून वाईट.

स्टुडिओचं वागणं हा तिसरा निर्णयबिंदू, फक्त तो न घेतलेल्या निर्णयाचा आहे. १९२२ पासून हेज ऑफिस हॉलिवूडच्या नीतिमत्तेवर नजर ठेवून होतं आणि बदनाम नटनट्यांना टाकून द्यायची सवय सगळ्यांना लागलेली. विनोदी नट रॉस्को आर्बकल एका बाईच्या मृत्यूच्या खटल्यातून निर्दोष सुटला तरी त्याला काम मिळेना, नटी मेबल नॉर्मंडचा एका दिग्दर्शकाच्या खुनाशी संबंध नसताना तिचे सिनेमे लोकांनी बंद पाडायला घेतले, ही उदाहरणं ताजी होती. पॅरामाउंटने क्लाराला लगेच हाकललं नाही, पण पाठीशीही उभं राहिलं नाही. तिचं कॉन्ट्रॅक्ट तसंही १९३१ मध्येच संपत होतं. तोपर्यंत जितके सिनेमे निघतील तितके काढू असा मामला.

निकाल

ज्युरीने बाकी सगळ्या कलमांतून सेक्रेटरीला सोडलं आणि एका कलमावर दोषी धरलं. एक चेक, ८२५ डॉलरचा. तीस-पस्तीस चेकांतून एकच चोरीचा ठरला याचा अर्थ उघड आहे, बाकीचे क्लाराच्या सांगण्यावरून निघाले हे ज्युरींना पटलं, किंवा निदान नाही असं ठामपणे म्हणता येईना. सौम्य शिक्षेची शिफारसही ज्युरीने केली. न्यायाधीशांनी तरीही १८ महिन्यांची कैद आणि पाच वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे देखरेखीखालची मोकळीक, ठोठावलं. म्हणजे सेक्रेटरीचंही वाटोळं झालंच. तिला कोणी जिंकली म्हणू नये.

क्लाराची सुटका मात्र निकालानेही झाली नाही. लॉस एंजेलिसच्या एका चिटोरी साप्ताहिकाने त्या वसंतात तिच्या शयनगृहाच्या नावाने वाट्टेल ते छापायला सुरुवात केली, सेक्रेटरीने सांगितलं असा दावा करून, आणि त्यात असे आरोप की इथे लिहवत नाहीत. मालकाने २५,००० डॉलर द्या म्हणजे बंद करतो अशी ऑफरही दिली. या वेळी नकार दिला. अश्लील मजकूर पोस्टाने पाठवल्याबद्दल तो माणूस तुरुंगात गेला. पण जे छापलं ते खोटं आहे असं कुठल्या कोर्टाने म्हटलं नाही, म्हणायचं कारणच नव्हतं, केस पोस्टाच्या कायद्याखाली होती. पुन्हा तीच तऱ्हा, कलम वेगळंच आणि जखम वेगळीच.

तिची तब्येत ढासळली. 'सिटी स्ट्रीट्स' तिच्यासाठी होता तो सिल्व्हिया सिडनीकडे गेला. 'द सीक्रेट कॉल'च्या वेळी ती कोसळली, तिच्या जागी पेगी शॅननला उभं केलं. मे मध्ये तिला ग्लेन्डेलच्या सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि जूनमध्ये तिच्याच विनंतीवरून पॅरामाउंटने कॉन्ट्रॅक्टमधून मोकळं केलं. वय पंचवीस.

बेल तिला नेव्हाडात सर्चलाइट गावाजवळच्या आपल्या रँचवर घेऊन गेला, डिसेंबर १९३१ मध्ये दोघांनी लास वेगासला लग्न केलं. एक वर्ष वाळवंटात राहून ती सावरली आणि परत आली, या वेळी फॉक्स स्टुडिओकडे, दोनच सिनेमे, 'कॉल हर सॅव्हेज' १९३२ आणि 'हूप-ला' १९३३. दोन्हींत ती बोलते, व्यवस्थित बोलते. त्यानंतर तिने स्वतःहून सोडलं. आवाजामुळे संपली म्हणणाऱ्यांनी हे दोन बघावेत.

१९४७ मध्ये एक गमतीशीर प्रकार झाला. रेडिओवर एका गेम शोमध्ये 'मिसेस हश' नावाची एक अनोळखी बाई बोलायची आणि ती कोण ते ओळखायचं. देशभर लोक डोकं खाजवत होते, बक्षीस फुगत चाललेलं. ती क्लारा होती. जिचा आवाज एकेकाळी एवढा गाजवला गेला तो आवाज आठवडेच्या आठवडे कोणाला ओळखू येईना.

बाकीचं आयुष्य सोपं नव्हतं. दोन मुलगे झाले. बेल राजकारणात उतरला, १९४४ मध्ये तो अमेरिकी संसदेच्या निवडणुकीला उभा राहिला तेव्हा पुन्हा सगळं चव्हाट्यावर येणार या भीतीने तिने जीव द्यायचा प्रयत्न केला. १९४९ मध्ये हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात उपचार झाले, विजेचे झटके दिले, स्किझोफ्रेनिया असं निदान केलं, ते तिला मान्य नव्हतं. नंतर ती घरच्यांपासून वेगळी, कल्व्हर सिटीत एका छोट्या घरात राहिली. बेल पुढे नेव्हाडाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

काय वेगळं करता आलं असतं

मागे वळून शहाणपणा सुचतोच, तरी काही गोष्टी तेव्हाही सुचायला हव्या होत्या.

सगळ्यात आधी चेकबुक. घरखर्चाचं खातं आणि क्लाराच्या वैयक्तिक खर्चाचं खातं वेगळं असतं आणि ठराविक रकमेच्या वर दोन सह्या असत्या तर चोरी झाली असती का नाही माहीत नाही, पण नंतर कोर्टात न जाता कागदावरच कळलं असतं की कुठला चेक कोणाचा. मैत्रिणीला नोकरी दिली यात चूक नाही, नोकरीचे नियम दिले नाहीत ही चूक. तिला पगार किती, तिने काय घ्यायचं काय नाही, काहीच लिहिलेलं नव्हतं, सगळं प्रेमात. प्रेमातला व्यवहार तुटतो तेव्हा दोघांनाही वाटतं की आपल्याला लुटलं, आणि गंमत अशी की दोघंही थोडे थोडे बरोबर असतात.

मग हाकलायची पद्धत. आधी कागद ताब्यात घ्यायचे, मग हिशेब मागायचा, आणि सगळ्यात शेवटी निरोप द्यायचा. इथे क्रम उलटा झाला, आधी अपमान, मग कागदांची आठवण. आणि हे काम बेलने करायला नको होतं. त्याचा हेतू चांगला होता, संशयही पूर्ण खोटा नव्हता, पण ज्याच्याशी तिचं वाकडं त्याच्याच हातून तिला बाहेर काढल्यावर ती गप्प कशी बसेल?

वकिलाने, मला वाटतं, क्लाराला एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, यातला कुठला चेक पेपरात छापून आला तर तुला चालणार नाही? उत्तर जर बरेचसे असं आलं असतं तर चोरीची केस तिथेच बाद. खंडणीचा आरोप एकटा टिकला असता का सांगता येत नाही. टिकला नसता तर फार तर सेक्रेटरी सुटली असती, आणि क्लाराचे ८२५ डॉलर गेले असते.

पैसे देऊन मिटवावं का याबद्दल माझं स्वतःचं मत डळमळीत आहे. सव्वा लाख देणं मूर्खपणा ठरला असता. पण टेक्सासला दिलेले ३०,००० आठवले की वाटतं, सन्मानाने नोकरी सोडायची भरपाई म्हणून, लेखी करार करून, सगळे कागद परत घेऊन काही रक्कम देता आली असती. याला कोणी खंडणी म्हणेल कोणी हिशेब पूर्ण करणं. दुसऱ्या बाजूने हेही खरं की त्या चिटोऱ्या संपादकाला २५,००० नाकारले ते योग्यच केलं. दोन माणसं दोन प्रकारची होती, एकाकडे दुखणं होतं, दुसऱ्याकडे फक्त छापखाना. तिच्या बाजूच्या लोकांनी औषध उलटसुलट दिलं, दुखावलेल्या बाईवर कायद्याचा दंडुका काढला, आणि ज्याच्यावर मानहानीचा दंडुका काढायचा त्याच्या बाबतीत पोस्टाच्या कलमावर भागवलं. तिने स्वतः नाव घेऊन मानहानीचा दावा लावला असता तर ते आरोप खोटे असल्याचं निदान कुठेतरी लिहून राहिलं असतं. पण जानेवारीत जे भोगलं त्यानंतर मे महिन्यात पुन्हा साक्षीला उभं राहायची ताकद तिच्यात होती का? नव्हती. ग्लेन्डेलला होती ती.

त्याचा परिणाम मात्र फार लांबला. क्लारा २७ सप्टेंबर १९६५ ला गेली, साठ वर्षांची होऊन. तिच्यामागे हॉलिवूडच्या भानगडींवरच्या एका खपाऊ पुस्तकामुळे एका कॉलेजच्या अख्ख्या फुटबॉल टीमशी तिने संबंध ठेवल्याचा किस्सा तिच्या नावावर पक्का चिकटला. मेलेल्या माणसाच्या बदनामीचा दावा अमेरिकेत लावता येत नाही, त्यामुळे तो किस्सा वर्षानुवर्षं बिनधास्त छापला गेला. १९८० च्या दशकात तिच्या एका चरित्रकाराने त्या टीममधल्या हयात म्हाताऱ्यांना गाठून सरळ विचारलं. त्यांनी सांगितलं, हो, मॅचनंतर तिच्या घरी जायचो, पार्टी असायची, पण तसलं काही कधी झालं नाही. इतक्या वर्षांत हे विचारायला त्यांच्याकडे कोणी गेलंच नव्हतं.